एलीमचे झरे आणि खडकावरील अक्षरे

(आधार : निर्गम, अध्याय १५, ओव्या २२ ते २७, उत्पत्ती, अध्याय २६, ओव्या १५ ते २२)



तांबड्या समुद्रातून पार पडलेल्या इस्राएल लोकांचा प्रवास आपणां सर्वांस ठाऊक आहे. पैलतीरी त्यांनी देवाचे स्तवन केले, मिर्यामेने डफ हाती घेतला, आणि लगेच त्यांची वाट शूर नावाच्या रानात शिरली. तीन दिवस ते चालले व त्यांस पाणी मिळाले नाही. पुढे मारा येथे पाणी मिळाले, ते कडू. लोकांनी कुरकुर केली, मोशेने देवाचा धावा केला, देवाने त्याला एक झाड दाखविले, आणि ते पाण्यात टाकताच पाणी गोड झाले. मारा व तेथील झाड ह्यांवर उपदेश आपण पुष्कळ वेळा ऐकले असतील. परंतु त्या अध्यायाच्या अगदी शेवटच्या ओवीपाशी फारसे कोणी थांबत नाही. लोक एलीम येथे आले, तेथे पाण्याचे बारा झरे व खजुरीची सत्तर झाडे होती, आणि त्यांनी पाण्याजवळ तळ दिला, एवढीच हकीकत तीत आहे. आज आम्ही आपणांस ह्याच एका ओवीपाशी थोडा वेळ बसवू इच्छितो.

प्रथम ती जागा कशी असेल हे पाहू. आपल्या देशात ज्यांनी वाळवंट पाहिले नाही त्यांच्या मनात अशी कल्पना असते की, वाळूच्या मध्यभागी देव एखादे तळे ठेवतो व त्याच्या काठी झाडे उगवतात. खरी गोष्ट आपल्या पेठ व सुरगाणे तालुक्यांतील लोकांस समजावयास सोपी आहे. सीनायच्या डोंगरांवर पाऊस क्वचित पडतो, पण पडला म्हणजे उघड्या खडकावरून वाहत ओढ्यात येतो व ओढ्याच्या वाळूत मुरून जातो. वर सर्व कोरडे दिसते, परंतु वाळूखाली पाणी हळूहळू चालत असते. जेथे खालचा खडक उंच होऊन आडवा येतो, तेथे ते पाणी वर येते. कोठे आपण होऊन पाझरते, कोठे हातभर वाळू उकरावी लागते. चैत्र-वैशाखात आपल्या बायका नदीच्या कोरड्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरतात, तोच हा प्रकार. इजिप्तहून सीनायच्या डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर गरंदेल नावाचे एक खोरे आहे. तेथे आजही पाणी व खजुरी आहेत, आणि तेच एलीम असावे असे पुष्कळ प्रवाशांनी व पंडितांनी मानले आहे.

खजुरीचे झाडही लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या ओढ्याकाठची शिंदी ही तिचीच बहीण. खजुरीत नर व मादी अशी झाडे निराळी असतात, म्हणून वाळवंटातील लोक नर झाडाचा मोहोर काढून मादी झाडावर चढतात व तो आपल्या हाताने तेथे बांधतात. तसे केल्यावाचून भरपूर फळ येत नाही. लावलेले रोप काही वर्षांनी फळू लागते आणि पुढे पिढ्यान् पिढ्या फळत राहते. ज्याने ते लावले त्याची नातवंडे त्याच्या सावलीस बसतात. तेव्हा वाळवंटात जेथे फळणाऱ्या खजुरी दिसतात, तेथे कोणा ना कोणाचे हात पूर्वी लागलेले असतात.

आता त्या ओवीत काय नाही हे पाहा. एलीम येथे चमत्कार झाला असे लिहिले नाही. मोशेने तेथे काठी मारली नाही, झाड टाकले नाही, प्रार्थनाही केल्याचे सांगितले नाही. झरे आधीच होते, झाडे आधीच होती. लोकांनी फक्त तंबू ठोकले. ज्या पाण्याकरिता त्यांनी मारा येथे आक्रोश केला, ते पाणी पुढच्याच मुक्कामावर बारा मुखांनी वाहत त्यांची वाट पाहत होते. आणि दुसरी गोष्ट ही की, तेथे त्यांनी उपकार मानल्याचेही कोठे लिहिले नाही. तेथून ते निघाले, मिसर देश सोडल्याला बरोबर एक महिना झाला तेव्हा सीन नावाच्या रानात आले, आणि मांसाच्या हंड्यांची आठवण काढून पुन्हा कुरकुरू लागले. बारा झऱ्यांचे पाणी पोटात असताना त्यांनी ते कोणी दिले हे मनात ठेवले नाही.

बंधूंनो, आयते मिळालेले पाणी मनुष्य लवकर विसरतो. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ विहिरी, शाळा व प्रार्थनामंदिरे ही आपल्या आज्या-पणज्यांच्या काळची आहेत. कोणी दगड वाहिले, कोणी दुष्काळात मजुरीवर खोदाई केली, कोणी अर्धपोटी राहून मूठमूठ धान्य दिले. त्यांतील बहुतेकांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. आपण त्यांच्या एलीमात तळ देऊन बसलो आहो.

मग नावाविषयी काय? मनुष्यास आपले नाव मागे राहावे असे वाटते, आणि ही इच्छा फार जुनी आहे. एलीमपासून पुढे सीनायच्या डोंगराकडे जाताना फैरान नावाचे खजुरीचे मोठे बन लागते. त्या बनाकडे जाणाऱ्या वाटेवर एक दरी आहे. अरबी लोक तिला मुकत्तब, म्हणजे ‘लिहिलेली दरी’, असे म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंच्या खडकांवर जुनी अक्षरे खोदलेली आहेत, आणि त्यांच्यामध्ये उंट, रानबोकड, घोडे व माणसे ह्यांची ओबडधोबड चित्रे आहेत. वाटसरू सावलीस थांबले, उंट बसविले, आणि हाती आलेल्या दगडाने खडकावर टोचत बसले, असे ती पाहताच मनात येते.

ही अक्षरे कोणाची? इसवी सनाच्या सहाव्या शतकात कॉस्मास नावाचा एक ख्रिस्ती व्यापारी त्या वाटेने पायी गेला. हा तोच कॉस्मास, ज्याने आपल्या ग्रंथात कल्लियाना बंदरी ख्रिस्ती लोक व त्यांचा एक बिशप असल्याचे लिहून ठेवले आहे. हे बंदर म्हणजे आपले कल्याण असे बहुतेक विद्वान मानतात. सीनायचे खडक पाहून त्याला वाटले की, इस्राएल लोक रानात चाळीस वर्षे होते तेव्हा त्यांनीच हे सर्व लिहिले. पुढे १८५१ साली इंग्लंडातील चार्ल्स फॉर्स्टर नावाच्या एका पाळकाने तीच गोष्ट धरून मोठे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि पुष्कळ भाविकांस आनंद झाला की, निर्गमाच्या पुस्तकाला खडकांची साक्ष मिळाली. परंतु बेअर नावाच्या जर्मन पंडिताने त्याच्या आधीच, १८४० साली, ती अक्षरे वाचून दाखविली होती. ती नबाती लोकांची होत. पेत्रा हे ह्या लोकांचे मुख्य नगर होते व उंटांच्या तांड्यांवर त्यांचा व्यापार चाले. सीनायमधील त्यांचे बहुतेक लेख ख्रिस्तानंतर दुसऱ्या व तिसऱ्या शतकांतील आहेत, म्हणजे मोशेच्या नंतर हजाराहून अधिक वर्षांचे. त्यांत फारसे काही सांगितलेले नाही. अमक्याचा मुलगा अमका, त्यास शांती असो, त्याचे चांगले स्मरण राहो, अशा धर्तीचे ते हजारो लेख आहेत.

उपदेशक बंधूंनो, येथे आम्ही आपणांस विशेष विनंती करतो. देवाच्या वचनाला खोट्या आधाराचे टेकू लावू नका. सीनायच्या खडकांवर इस्राएलांचे लेख सापडले, अशा प्रकारची गोष्ट गावोगावी सांगितली जाते. ऐकणारा मान डोलावतो, आणि पुढे त्याचा मुलगा शाळा शिकून आला व त्याने ती खोटी ठरविली, म्हणजे बापाचा विश्वासही तिजबरोबर ढासळतो. जे खरे आहे तेवढेच सांगा. आपला देव सत्याचा देव आहे, आणि कॉस्माससारखा प्रामाणिक मनुष्यही न वाचता येणाऱ्या अक्षरांत आपल्या मनातले वाचतो, हे ध्यानात ठेवा.

आपल्या नासिकातही असेच झाले आहे. शहरापासून सुमारे आठ किलोमीटरांवर, मुंबईहून आग्र्यास जाणाऱ्या रस्त्यालगत जो डोंगर आहे, त्यातील चोवीस लेण्यांस आपण पांडवलेणी म्हणतो. पांडव वनवासात असताना त्यांनी ती कोरली असे लोक सांगत आले. परंतु त्या लेण्यांच्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत लेख आहेत. ही लिपी वाचण्याची किल्ली जेम्स प्रिन्सेप ह्यांस १८३७ च्या सुमारास सापडली, आणि पुढे भगवानलाल इंद्रजी आदी विद्वानांनी नासिकचे लेख वाचून त्यांचा अर्थ लावला. त्यांवरून कळले की, ही लेणी बौद्ध भिक्षूंकरिता सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून कोरली गेली, आणि डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी असे आहे.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती मनुष्याला त्या लेण्यांशी काय करावयाचे आहे? आम्ही त्याला पौलाची गोष्ट सांगू. अथेनै शहरात मूर्ती पाहून त्याचा आत्मा संतप्त झाला खरा. तथापि त्याने डोळे मिटून घेतले नाहीत. त्याने हिंडून सर्व पाहिले, एका वेदीवर कोरलेला लेख वाचला, आणि त्याच लेखापासून आपल्या भाषणास आरंभ केला. तेव्हा आपणही वाचू या.

दहाव्या लेण्याच्या ओसरीत एक मोठा लेख आहे. तो उषवदात ह्याचा. हा क्षहरात कुळातील नहपान राजाचा जावई व दिनीकाचा मुलगा. त्याने आपल्या दानांची यादी तेथे दिली आहे. त्याने गाई दिल्या, गावे दिली. भडोच, दशपूर, गोवर्धन व सोपारे येथे वाटसरूंस उतरावयास चौसोपी धर्मशाळा बांधिल्या. विहिरी, तळी व बागा केल्या. पारदा, दमणा, तापी, दाहनुका इत्यादी नद्यांवर लोकांस पार होण्याकरिता फुकट नावा ठेविल्या, आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर बसावयास जागा व पाणपोया घातल्या. नारळीच्या झाडांचेही दान त्याने लिहून ठेविले आहे. त्याच यादीत हे लेणे आणि ह्या पोढ्या आपण करविल्या असे तो सांगतो. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. पारदा म्हणजे आपल्या सुरगाण्याच्या डोंगरातून निघणारी पार नदी. दमणा म्हणजे दमणगंगा. आणि गोवर्धन हे गाव आजही गंगापूरच्या बाजूस आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी एका परक्या कुळातील सरदाराला आपल्याच वाटांवरून चालणाऱ्या थकल्या माणसाची तहान आठवली, ही लहान गोष्ट नव्हे. त्याला बारा झरे व सत्तर खजुरी ह्यांचे महत्त्व कळत होते.

तिसऱ्या लेण्यातील लेख दुसऱ्या घराण्याचे आहेत. गौतमीपुत्र सातकर्णी राजाने क्षहरातांचे कुळ निर्मूल केले, असे त्याची आई गौतमी बलश्री हिच्या लेखात मोठ्या अभिमानाने लिहिले आहे. म्हणजे एकाच डोंगरावर, थोड्या पावलांच्या अंतरावर, दोन वैरी घराण्यांची अक्षरे आहेत. दोघांनीही त्याच भिक्षूंस दाने दिली. दोन्ही घराण्यांचे राज्य बुडाले, त्यांची भाषा बोलणारे राहिले नाहीत, आणि कित्येक शतके त्यांची नावे वाचणारा एकही मनुष्य ह्या देशात उरला नव्हता. त्या सर्व काळात पावसाचे पाणी मात्र दरवर्षी खडकावरून उतरून टाक्यांत साठत राहिले. तेथे ओंजळ भरणाऱ्या गुराख्याला उषवदात कोण हे ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक नसल्यामुळे त्याची तहान भागावयाची राहिली नाही.

ह्या सर्वांवरून आपण तीन गोष्टी मनात धराव्या अशी आमची इच्छा आहे.

पहिली गोष्ट : ज्या मुक्कामी आपण पाणी प्यालो तेथील झरा पुढच्याकरिता मोकळा ठेवावा. इसहाकाची कथा आठवा. त्याच्या बापाने, म्हणजे अब्राहामाने, खणविलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उकरिल्या, आणि आपल्या बापाने जी नावे ठेविली होती तीच त्यांस पुन्हा दिली. विहिरीवर पैसा व घाम त्याचा, पण नाव जुने. पुढे त्याच्या चाकरांनी एक विहीर खणली, तेथे गरारच्या गुराख्यांनी भांडण काढिले. दुसरी खणली, तिच्यावरही तंटा झाला. त्याने त्या सोडून दिल्या व तिसरी खणली, आणि तिला रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा, असे नाव ठेविले. विहीर सोडून जाणे हे त्याच्या दुबळेपणाचे लक्षण होते काय? ज्याला पाणी देणारा ठाऊक आहे, त्याला पुढे आणखी पाणी आहे ही खात्री असते.

आपल्या जिल्ह्यात पाण्याची ओढ कशी असते हे सांगावयास नको. पश्चिमेस त्र्यंबक, पेठ, सुरगाणे येथे आषाढ-श्रावणात धो धो पाऊस पडतो, परंतु काळ्या कठीण खडकात तो मुरत नाही, उतारावरून वाहून जातो, आणि फाल्गुन संपतो न संपतो तोच विहिरींचा तळ दिसू लागतो. पूर्वेस सिन्नर, येवले, नांदगाव येथे पाऊसच थोडा. अशा मुलुखात विहिरीवर कोणाचा दोर आधी पडतो ह्यावरून मंडळीचे खरे धर्ममत कळते. विश्वासांगीकार तोंडाने कोणीही म्हणेल.

येथे आम्हांस एक कठीण गोष्ट बोलावी लागते. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज असे होते की, त्यांस गावच्या विहिरीला शिवता येत नसे. वर कोणी दयाळू येईपर्यंत ते भांडे घेऊन उन्हात बसत. त्या पाण्याच्या हक्काकरिता १९२७ साली महाडास चवदार तळ्यावर डॉक्टर आंबेडकर हजारो लोकांसह गेले. आणि देवाच्या दारी सर्वांस समान वाट असावी म्हणून १९३० साली ह्याच नासिकात काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह झाला. असे असता, जर आपल्या मंडळीच्या विहिरीवर अमुक घराण्याचा दोर निराळा, नवीन आलेल्याचा निराळा, आणि अजून बाप्तिस्मा न झालेल्या शेजाऱ्याला पाणी देण्याविषयी कुरकुर असे कोठे घडत असेल, तर आपण एलीमात येऊन पुन्हा मारा निर्माण केला. गोड पाणी कडू करण्यास मोठे पातक लागत नाही. काठावर उभे राहून ‘तू कोणाचा?’ एवढे विचारणे पुरे होते. प्रभूने शोमरोनी स्त्रीजवळ तिच्याच हातचे पाणी मागितले. याकोबाच्या त्या विहिरीवर त्याने जी मर्यादा मोडली, ती आपण पुन्हा बांधावी काय?

दुसरी गोष्ट : दिलेले दान चालते की नाही हे पाहत राहावे. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राचा आणखी एक लेख आहे, तो आम्हांस सर्वांत बोधपर वाटतो. त्याने भिक्षूंस ककडी नावाच्या गावात शेत दिले होते. पुढे त्याला व त्याच्या आईला असे कळले की, ते शेत कोणी कसत नाही, आणि गावही वसलेले नाही. तेव्हा त्यांनी गोवर्धनच्या अमात्यास आज्ञा पाठविली की, त्याच्या ऐवजी नगराच्या शिवेवरील राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तने द्यावी. पाहा, दान भिंतीवर एकदा कोरले गेले होते. देणाऱ्याचे नाव झाले होते. कोणी दोष देणारा नव्हता. तरी देणाऱ्याने विचारले की, माझ्या देण्याने कोणाचे पोट भरते काय?

समजा, एका मंडळीने विहिरीवर हातपंप बसविला. तो कोणाच्या नावाने बसवावा ह्यावर दोन वर्षे सभा झाल्या. शेवटी संगमरवरी पाटी लागली, तीवर नावे मोठ्या अक्षरांत आली, आणि उद्घाटनास पाहुणे आले. पुढच्या वैशाखात पंपाचे चामडी वायसर झिजले व पाणी येईना. पाटी जशीच्या तशी चकाकत होती, आणि बाया हंडे घेऊन अर्धा कोस चालत होत्या. अशी पाटी न्यायाच्या दिवशी कोणाच्या बाजूने साक्ष देईल? उषवदाताची अक्षरे आपण आदराने वाचतो, ह्याचे कारण त्यांच्या बाजूस खरोखरीची पोढी आहे. ज्या नावाशेजारी पाणी नाही, ते नाव सीनायच्या दरीतील हजारो नावांपैकी एक होय.

तरुण मंडळींस येथेच दोन शब्द सांगतो. मंडळीची मुले सहलीस लेण्यांवर जातात. आणि कोळशाने, खिळ्याने आपले नाव भिंतीवर काढावे असा मोह त्यांस होतो. ही लेणी पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहेत, व तेथे असे करणे कायद्यानेही गुन्हा आहे. परंतु कायदा नसता तरी आम्ही हेच म्हटले असते. जो दुसऱ्याच्या लिहिलेल्यावर आपले नाव काढतो, तो पलिष्ट्यांप्रमाणे विहिरीत माती लोटतो. पुढच्याला वाचावयाचे आहे, ते त्याने बुजविले.

नाव कोरावयाचेच तर कसे कोरावे, ह्याचा कित्ता नासिकच्याच एका मुलाने घालून दिला आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या पुष्कळ मुलांस एकोणिसाव्या शतकात नासिकजवळ शरणपूर येथे आश्रय व शिक्षण मिळाले. त्यांपैकी जेकब वेनराइट हा डॉक्टर लिव्हिंग्स्टन ह्यांच्या साहाय्यास आफ्रिकेत गेला. १८७३ च्या मे महिन्यात, आज ज्याला झांबिया म्हणतात त्या देशात, चिटांबो नावाच्या मुखियाच्या गावी, पावसापाण्यात उभारलेल्या एका झोपडीत लिव्हिंग्स्टन गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. सोबत्यांनी त्यांचे हृदय एका झाडाखाली पुरले. जेकबाने तेथे दफनविधीची प्रार्थना वाचली, आणि त्या झाडाच्या बुंध्यावर मृत डॉक्टरांचे नाव कोरिले. मग त्या सर्वांनी ते प्रेत खांद्यावर घेऊन हजाराहून अधिक मैलांची वाट तुडविली व ते समुद्रकिनाऱ्यास पोहोचविले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडन येथे वेस्टमिन्स्टर ॲबीत जेव्हा ते पुरण्यात आले, तेव्हा शववस्त्र धरणाऱ्यांमध्ये हा शरणपूरचा विद्यार्थीही होता. शरणपुराने त्याला वाचावयास व लिहावयास शिकविले, आणि ती अक्षरे त्याने रानात दुसऱ्याचे नाव राखण्याकरिता खर्चिली. शरणपूर त्याचे एलीम होते. तेथील पाणी त्याने दूरच्या देशात नेऊन पाजले.

तिसरी गोष्ट : तळ हा तळ आहे, एक दिवस तंबू उखडावा लागतो. एलीमहून निघताना लोकांस वाईट वाटले नसेल काय? पुढे पुन्हा वाळू, पुन्हा ऊन. परंतु देवाने त्यांस एलीमाचे वचन दिले नव्हते, कनानाचे दिले होते. आपल्याला चांगला मुक्काम मिळाला, पगार बरा, गाव मायाळू, मुलांस शाळा जवळ, आणि मग वरून बदलीचा कागद आला म्हणजे उपदेशकाच्या घरी रडे सुरू होते. त्या दुःखाची आम्हांस कल्पना आहे व त्यास आम्ही हलके म्हणत नाही. मंडळीतील म्हाताऱ्या माणसांचेही तसेच : ज्या घरात संसार केला, ज्या शेतात घाम गाळला, ते सोडावयाचे आहे हे त्यांस रोज दिसत असते. आम्ही त्यांस एवढेच विचारतो की, बारा झरे ज्याने पुढच्या मुक्कामी आधीच तयार ठेविले होते, तो ह्या मुक्कामानंतर हात आखडील काय? मारा येथे रडणाऱ्यास एलीम दिसत नव्हते, तरी ते तेथे होतेच.

आणि आपल्या नावाची चिंता करू नये. बाहत्तर शिष्य आनंदाने परत आले, भुतेही आपल्या स्वाधीन होतात म्हणून हर्ष करू लागले, तेव्हा प्रभूने त्यांस सांगितले की, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत ह्याचा आनंद माना. यशया संदेष्ट्याच्या द्वारे देव ह्याहूनही मोठी गोष्ट बोलतो, की त्याने आपल्या लोकांस आपल्या तळहातांवर कोरून ठेविले आहे. खडकावरची अक्षरे ऊनपावसाने झिजतात, आणि ती वाचणारी भाषा मरते. तो तळहात झिजत नाही. त्यावर खिळ्याचे घाव आहेत, आणि त्या घावांत दूरच्या पाड्यावरील, कोणत्याही पाटीवर न आलेल्या विधवेचेही नाव आहे.

तर मग येत्या रविवारी उपासना झाल्यावर पंचांनी व वडिलांनी आपल्या मंडळीच्या विहिरीपाशी जावे. दोर आहे काय, रहाट फिरतो काय, कठडा शाबूत आहे काय, पावसाळ्याआधी गाळ काढावयाचा आहे काय, हे पाहावे. शेजारच्या वस्तीतील कोणी तेथे येण्यास लाजत असेल, तर त्याच्या घरी जाऊन त्यास बोलवावे. आणि जुन्या माणसांस विचारून, ती विहीर कोणी खणली त्यांची नावे मुलांस सांगावी, म्हणजे इसहाकाप्रमाणे आपणही बापाने ठेविलेली नावे पुन्हा घेऊ.

हे प्रभो, जो तू रानात झरे राखून ठेवितोस, तुझे आम्ही उपकार मानतो. आम्ही न खणलेल्या विहिरींचे पाणी तू आम्हांस पाजिलेस. आमच्या हातून ते कोणालाही कडू होऊ देऊ नको. आमच्या मागून येणारा तहानेला आमच्या तळाच्या जागी आला, तर त्याला आमचे नाव न मिळाले तरी चालेल, पाणी मिळो. आमेन.